गोडाऊनवरच्या सोलरला ७८ हजार सबसिडी? खुलासा

मंडळी, भिवंडीतल्या ट्रान्सपोर्टवाल्यांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की गोडाऊनच्या पत्र्यावर सोलर लावा, केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेतून ७८,००० रुपये मिळतात आणि लाईट गेली तरी काम चालू राहतं. परवा मीच तो पुढे ढकलला, चूक झाली.

योजनेच्या पोर्टलवर नीट वाचलं तर ती २०२४ ची योजना घरगुती कनेक्शनसाठी आहे, ७८ हजार म्हणजे ३ किलोवॅट किंवा जास्तला मिळणारी कमाल रक्कम, कमर्शियल मीटरला त्यातलं काही नाही. आणि साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर (बाहेरच्या लाईनला जोडलेला, बॅटरी नसलेला) लाईट गेली की स्वतःच बंद होतो, नाहीतर पॅनेलची वीज लाईनमध्ये जाऊन तिथे काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसेल ना. बॅकअप हवा तर बॅटरी नि हायब्रिड इन्व्हर्टर (लाईन आणि बॅटरी दोन्हीवर चालणारा), खर्च वेगळा.

म्हणून सोलर वाईट असं नाही हं. आपलं काम दिवसा, कमर्शियल युनिट घरगुतीपेक्षा बहुतेक वेळा महाग, त्यामुळे बचत खरी आहे, शिवाय इन्कम टॅक्समध्ये ४०% घसारा (सामान जुनं होतं म्हणून त्याच्या किमतीतली नफ्यातून मिळणारी वजावट) मिळतो, सीएला विचारा. त्याआधी पत्र्यात चार पारदर्शक शीट टाका, दिवसा ट्यूबलाईट लावायलाच नको (आमच्याकडे हेच आधी केलं).

तो जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका, पाठवला असेल तिथे हा टाका.