पानं गळाली म्हणजे झाड मेलं, हे कोणी सांगितलं?

आमच्या फॅमिली ग्रुपवर हा मेसेज टाकला तो माझ्या सख्ख्या काकांनीच. "सावधान! फेब्रुवारीत पानं गळणं नॉर्मल नाही. पानगळ फक्त थंडीने होते, परदेशात बघा, बरोबर ऑक्टोबरमध्ये होते. ठाण्यात थंडीच नाही, म्हणजे हे 5जी टॉवरचं रेडिएशन. पानं गळालेलं झाड आतून मेलेलं असतं, पावसात गाड्यांवर पडेल, आत्ताच तोडून घ्या. वाचवायचं असेल तर बुंध्यात मीठ आणि युरिया टाका." नुसतं फॉरवर्ड असतं तर मी सोडून दिलं असतं, पण काका वर्तकनगरला त्यांच्या सोसायटीच्या कमिटीवर आहेत आणि गेटजवळच्या देशी बदामाचा विषय त्यांनी थेट मीटिंगला घेतलाय, झाड तोडणाऱ्याला फोनसुद्धा करून झालाय.

म्हणून आधी त्या तोडण्याबद्दलच बोलते.

काका, मेलेलं झाड पानं गाळत नाही! पान गाळणं हे जिवंत झाडाचं काम आहे. पावसाळ्यात वाऱ्याने मोडून वरच अडकलेली फांदी आठवा, तिची पानं तपकिरी होऊन कितीतरी दिवस तिथेच लटकत राहतात, कारण पान सोडायचं तर देठाच्या बुडाशी पेशींचा एक खास थर कामाला लागावा लागतो आणि त्यासाठी फांदीत जीव लागतो. पान कामात असतं तोवर त्यातून ऑक्सिन नावाचं संप्रेरक देठाकडे येत राहतं, ते कमी झालं की इथिलीन या दुसऱ्या संप्रेरकाचा जोर वाढतो आणि त्या थरातल्या पेशी एकमेकींपासून सुटतात. त्याच्याही आधी झाड पानातलं हरितद्रव्य मोडतं आणि नायट्रोजन, फॉस्फरस परत आत ओढून घेतं, नायट्रोजन तर साधारण अर्धा तरी वाचवतं. एवढा हिशोब मेलेलं लाकूड करेल का? गेटवर जा आणि बदामाचं लाल झालेलं एक पान उचला. देठाचं टोक फाटलेलं नसतं, सुरीने कापल्यासारखं साफ असतं. मग एका बारीक फांदीची साल नखाने जराशी खरवडा, खाली हिरवं आणि ओलं दिसलं की ती फांदी जिवंत आहे. दोन मिनिटांचं काम आहे, ते न करता करवतवाल्याला बोलावणं याचा मला खरंच राग येतो. आणि महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी न घेता झाड तोडणं 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, हे कमिटीवरच्या माणसाला तरी माहीत हवं.

आता "पानगळ फक्त थंडीने होते". यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य. सफरचंद आणि नासपती वाढ थांबवताना दिवस किती मोठा आहे याकडे बघत नाहीत, थंडी पडली की थांबतात. पण थंड देशातली बरीचशी झाडं रात्र किती लांबली यावर आधी तयारीला लागतात, थंडी त्यात नंतर भर घालते. याचा पुरावा रस्त्यावरचाच आहे. मॅट्झके नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कमधल्या रस्त्यांवरची झाडं बघून 1936 मध्ये शोधनिबंध छापला, की दिव्यांच्या जवळच्या झाडांवर पानं जास्त दिवस टिकतात. एकाच शहरातली थंडी, गाव तेच, हवा तीच, फरक फक्त उजेडाचा! झाडाला रात्र मोजता येते आणि आपण दिवे लावून ती मोजणी बिघडवतो, हे तेव्हापासून माहीत आहे, आणि तरी आपल्याकडे सणावाराला झाडांना एलईडीच्या माळा गुंडाळतात त्या महिनोन्महिने तशाच राहतात.

आपल्याकडे ऑक्टोबरची नक्कल होणारच नाही, कारण इथे मुख्य प्रश्न पाण्याचा आहे. पावसाळा संपला की जमीन वाळत जाते, पानांतून पाणी उडत राहिलं तर झाडाला परवडत नाही, म्हणून ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरात साग, सावर, पांगारा उघडे होतात, उतारावरच्या पातळ मातीत आधी आणि नाल्याकाठी उशिरा. पण नुसतं पाणीच म्हणावं तर कुसुमाच्या झाडाला लालभडक पालवी येते ती मार्चमध्ये, पावसाचा पत्ता नसताना. पानं गळाल्यावर खोडात पाणी पुन्हा साठतं आणि दिवस मोठा होत चालल्याची खूण मिळते, त्यावर अशी कितीतरी झाडं पावसाआधीच फुटतात. शिशिरातली पानगळ आपल्या पंचांगाला माहीत आहे, मेसेजवाल्याला नाही.

5जी भारतात सुरू झालं ऑक्टोबर 2022 मध्ये. त्याआधीच्या फेब्रुवारीत ठाण्यातले रस्ते पानांनी भरत नव्हते का? यावर याहून जास्त लिहिणार नाही.

मीठ टाकू नका. खारट मातीतून मुळांना पाणी ओढणं जड जातं, म्हणजे धडधाकट झाड तुम्ही आजारी पाडाल. निष्पर्ण झाडाला मूठ-मूठ युरियाचीही गरज नसते.

ऋतू हलतायत, हे मात्र खरं आहे. 2023 मध्ये 'सायन्स' या विज्ञानपत्रिकेत आलेल्या अभ्यासात उत्तरेकडच्या जंगलांबद्दल दिसलं की 21 जूनच्या आसपासच्या सगळ्यात मोठ्या दिवसाआधी ऊब जास्त असेल तर पानं लवकर पिवळी पडायला लागतात, आणि त्यानंतरची ऊब पिवळं होणं लांबवते. म्हणजे "गरमी वाढली की पानगळ बिघडली" इतकं ते सरळ नाही.

आणि पानं जाणं कधीकधी आजारही असतो, मुंबईत मिलीबग नावाच्या किडीने पर्जन्यवृक्ष खरंच मेलेत. तेव्हा फांद्यांवर पांढरा कापसासारखा चिकट थर दिसतो, साल सुटते, पालवीच्या दिवसांतही शेंडे कोरडे राहतात. असं काही दिसलं, किंवा खोड पोकळ झालं, बुंधा कलला, तर वृक्ष प्राधिकरणाला अर्ज करा, ते येऊन बघतील. गेटजवळच्या बदामाला यातलं काहीही नाहीये, त्याच्या शेंड्यांवर कोंब आहेत. त्याच्या बुंध्याला चिकटून टाकलेलं काँक्रीट तेवढं फोडून घ्या, मीटिंगमध्ये तो विषय मांडा.