आजींना जागेवर सगळं देणं थांबवा

"आई, तुम्ही उठू नका, मी देते." आज सकाळी एका घरात अर्ध्या तासात हे वाक्य सात वेळा ऐकलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आजी ७८ वर्षांच्या. पावसाळ्यात चिकुनगुनिया झाला, ताप आठवड्यात उतरला. त्याला चार महिने झाले. हाड मोडलेलं नाही, सांध्यांची सूजही गेली, तरी आजींना खुर्चीतून एकटीने उठता येत नाही. कारण चार महिने पाण्याचा तांब्या उशाशी, ताट पुढ्यात, रिमोट हातात.

राग येतो हो! म्हातारं माणूस पलंगावर पडून राहिलं की मांड्यांचे स्नायू काही दिवसांतच झडायला लागतात आणि परत यायला कित्येक महिने घेतात. हे घरातल्यांना वेळेवर कोणी सांगत का नाही?

पडण्याची भीती खरी आहे, मान्य. पण पाय कमजोर झाले की माणूस जास्तच पडतं.

तर आजपासून हे करा. हात असलेली, टणक बैठकीची लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. प्लास्टिकची नको, ती सरकते. सोफा नको, त्यात माणूस रुततं. पायांत मोजे नकोत, गाऊन घोट्याच्या वर हवा. खुर्चीच्या कडेला पुढे सरकायचं, दोन पावलांत खांद्यांएवढं अंतर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. आता पुढे वाकायचं, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत. सगळे इथेच चुकतात. पाठ ताठ ठेवून उठू पाहतात, वजन मागेच राहतं आणि धपकन परत बसतात. उठताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही. बसताना मनात तीन आकडे मोजत सावकाश. पाच वेळा, दिवसातून तीनदा. छातीत दुखलं किंवा दम लागला तर थांबा आणि डॉक्टरांना विचारा. झोपेतून उठल्यावर मात्र आधी मिनिटभर पलंगाच्या कडेला पाय सोडून बसू द्या, नाहीतर रक्तदाब उतरून चक्कर येते.

आजच्या आजींना पहिल्या दोन खेपेला जमलं नाही. सूनबाई काखेत हात घालायला धावल्या. काखेत हात घालून ओढू नका, खांदा दुखावतो. बैठकीवर दोन चादरींची घट्ट घडी ठेवली, उंची चार बोटं वाढली, आणि तिसऱ्या खेपेला आजी स्वतः उठल्या. आठवड्याने एक चादर काढायची, मग दुसरी.

पाण्याचंही तसंच. संडासला कोणाला तरी हाक मारावी लागते म्हणून ही माणसं मुद्दाम कमी पितात. मग बद्धकोष्ठ, लघवीची जळजळ, चक्कर. ग्लास भरून ठेवला की झालं असं नाही, किती प्यायले ते बघा. आणि नुसती पेज, मऊ भात देऊ नका. वाटीभर वरणात प्रथिनं सहा-सात ग्रॅम, अंड्यात सहा, आणि ५० किलोच्या माणसाला दिवसाला निदान ५० ग्रॅम लागतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टर सांगतील तेवढीच.

ऊन? काचेआडून आलेल्या उन्हात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, खिडकी उघडा. सकाळचा उजेड डोळ्यांवर आला की रात्रीची झोपही सुधारते. दुपारची झोप अर्धा तास, बस.

त्या सूनबाईंवर आता राग नाही. रात्री दोनदा उठून त्या आजींना कूस बदलून देतात. एवढी माया कितीजणींकडे असते? त्यांना एवढंच सांगायचंय की आजींचं मन पायांच्याही आधी खचलंय. दिवसभर बातम्यांचा आरडाओरडा, आणि घरात त्यांच्यावाचून काही अडत नाही ही जाणीव. त्यांना काम द्या, खरं काम, घरातल्यांना लागणारं. मेथी निवडणं, मटार सोलणं, दुधाचा हिशेब. नातीला रोज संध्याकाळी सहाला फोन, ठरलेल्या वेळी, म्हणजे दुपारपासून वाट बघायला काहीतरी असतं.

उठल्यावर आजी भिंत धरत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या. सूनबाई मागे, हात न लावता. चार महिन्यांनी ओटा बघितला आणि पहिलं वाक्य, "मिसळणाचा डबा इथे कोणी ठेवला?"

सूनबाई, तो डबा त्यांना हवा तिथेच ठेवा. आणि त्यातलं जिरं संपलं की भरायला त्यांनाच बोलवा.