पाच तारखेची फी, सात तारखेचा पगार

महिना संपल्यावर सात तारखेच्या आत पगार कामगाराच्या हाती पडला पाहिजे, असा कायदा आहे. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील ज्या कारखान्यात मी हिशेबनीस आहे, तो कारखाना या कायद्याची इतकी कदर करतो, की सात तारखेच्या एक दिवस आधी पगार देण्याचे धाडस त्याने आजवर केलेले नाही. आमच्या कन्येच्या पाळणाघराची फी मात्र पाच तारखेच्या आत भरावी लागते आणि त्यानंतर दिवसाला पन्नास रुपये दंड बसतो. गेले दीड वर्ष मी दोन दिवसांचे शंभर रुपये इतक्या नेमाने भरत आलो आहे, की पाळणाघराच्या मॅडम आता पावती फाडतानाच ते त्यात धरून लिहितात. वरच्या माणसाने उशीर केला, तर खालच्याने दंड भरायचा, ही रीत मी कारखान्यात शिकलो होतोच. तिचा सराव घरच्या आघाडीवरही होईल, एवढे मात्र वाटले नव्हते.

पाळणाघर हा आमचा पहिला विचार नव्हता. पहिला विचार आजीचा होता, कारण आजी फुकट असते, असा समज आपल्याकडे फार जुना आहे. माझे आईवडील सटाण्याजवळ शेतावर राहतात. पत्नीची प्रसूतीची रजा संपत आली, तेव्हा आई ऑगस्टमध्ये एक पिशवी बाजरीचे पीठ, डिंकाचे लाडू आणि बाळगुटीची पुरचुंडी घेऊन नाशिकला आली आणि चिऊला तिने असे काही ताब्यात घेतले, की आम्हा दोघांना स्वतःच्या घरात पाहुण्यासारखे वाटू लागले. नोव्हेंबर संपत आला, तसा रोज सकाळी वडिलांचा फोन येऊ लागला. “रोप तयार आहे,” एवढेच ते बोलत आणि फोन ठेवत. उन्हाळ कांद्याची लागण डोक्यावर आली होती आणि लागणीला बाया मिळत नव्हत्या. आईने नातीपेक्षा कांदा जवळ केला, असे मी म्हणणार नाही; नातीचे दात तिच्यावाचून येणार होते, लागण तिच्यावाचून होणार नव्हती, इतकेच. पुढे एकदा चुलतभावाकडून कळले, की ते तीन-चार महिने वडिलांनी आईच्या जागी एक बाई रोजाने लावली होती आणि तिची मजुरी मला कळू नये, अशी आईची ताकीद होती. म्हणजे आजीसुद्धा फुकट नव्हती. तिचे बिल दुसऱ्याच पत्त्यावर जात होते.

सासूबाई जळगावला असतात. त्यांच्या गुडघ्यांना आमचे तीन जिने मानवत नाहीत आणि सासरेबुवांना स्वतःचा चहा स्वतः करता येत नाही. तेव्हा तो विचार आम्ही चहाइतक्याच वेळात संपवला.

मग शोध सुरू झाला. गंगापूर रोडवरच्या एका डे-केअरमध्ये आम्ही प्रथम गेलो. तिथे परातीएवढा तरणतलाव होता, भिंतीवर जिराफ होते आणि महिन्याचे चौदा हजार होते. “आम्ही इथे मुलांना नुसतं सांभाळत नाही, आम्ही त्यांना घडवतो,” असे तेथील संचालिकाबाईंनी सांगितले. चिऊ तेव्हा अकरा महिन्यांची होती. “मग सांभाळतं कोण?” असे पत्नीने अगदी निरागसपणे विचारले आणि ती भेट संपली.

इंदिरानगरातले सध्याचे पाळणाघर आम्हाला परवडते, असे म्हणण्याची पद्धत आहे. महिना साडेआठ हजार, प्रवेशाचे दहा हजार, ‘परत मिळणारे’ डिपॉझिट पाच हजार आणि वार्षिक साहित्याचे चार हजार. त्या साहित्यात रंगीत खडूंच्या चार पेट्या होत्या. अकरा महिन्यांच्या मुलीने चार पेट्या खडूंचे काय करायचे, हा प्रश्न मी विचारला नाही. तिने त्यातला एक खाल्ला, तेव्हा उत्तर आपोआप मिळाले. वातानुकूलनाचे तीनशे रुपये वेगळे आणि तेही बारा महिने! लोक नाशिकला हवा थंड म्हणून घरे घेतात आणि मी ती हवा आणखी थंड करण्याचे पैसे डिसेंबरात भरतो.

एवढे पैसे जातात कुठे, हा संशय हिशेबनिसाच्या मनात येणारच. तिथे पंचवीस मुले आहेत. पंचवीस गुणिले साडेआठ हजार हे मी पहिल्याच आठवड्यात, रिक्षात बसल्या बसल्या केले आणि मॅडमकडे लवकरच गंगेकाठी बंगला होणार, असे गृहीत धरले. मग बंगल्याचे भाडे, वीज, पाणी, कॅमेरे आणि चार मावशींचे पगार वजा करत गेलो, तसा माझा काल्पनिक बंगला आकसत वन रूम किचन झाला. खरी मेख मावशींच्या संख्येत आहे. आमच्या कारखान्यात पूर्वी एक कामगार एक मशीन चालवत असे, आता तोच तीन चालवतो. पण एका मावशीला एका वेळी दोनच मुले कडेवर घेता येतात. हे प्रमाण माझ्या आजीच्या काळी जितके होते तितकेच आज आहे आणि त्यात यांत्रिक सुधारणेला काही वाव दिसत नाही. म्हणून फी पालकाला फार वाटते आणि त्याच फीतून निघणारा पगार मावशींना फार थोडा वाटतो. दोन्ही बाजू एकाच वेळी खऱ्या असतात. चिऊला सांभाळणाऱ्या मावशींचा स्वतःचा मुलगा अंबडजवळच्या अंगणवाडीत जातो आणि ती दुपारी सुटली, की त्याच्या आजीकडे. ती आजी फुकट आहे की नाही, हे मी अद्याप विचारलेले नाही.

पाळणाघराची पिशवी रात्रीच भरावी लागते. दोन फ्रॉक, चार डायपर, पाण्याची बाटली, वरणभाताचा डबा, सेफ्टीपिनेने लावायचा रुमाल. प्रत्येक वस्तूवर नाव लिहिण्याचा नियम असल्यामुळे मी डायपरवरसुद्धा मार्करने ‘चिऊ’ लिहितो, जणू ते कोणी परत आणून देणार आहे. एवढा बंदोबस्त करूनही मोज्यांचा हिशेब आजवर जुळलेला नाही. आमच्या घरी सध्या सात मोजे असे आहेत, जे आमचे नाहीत. त्या सातांत जोडी एकही नाही.

खरा खर्च मात्र पावतीवर येत नाही, तो नाकातून येतो. सर्दी झालेले मूल पाळणाघरात चालत नाही, हा नियम रास्तच आहे. परंतु सर्दी जिथून येते ती जागा पाळणाघरच असल्यामुळे मूल सोमवारी तिथे जाते, बुधवारी सर्दी घेऊन येते आणि गुरुवारपासून त्याला तिथे मज्जाव होतो. गैरहजेरीचे पैसे परत मिळणार नाहीत, अशी पाटी मॅडमच्या खुर्चीमागे, बालकृष्णाच्या तसबिरीच्या बरोबर खाली आहे. म्हणजे त्या आठवड्यात पाळणाघर, डॉक्टर आणि औषधाचे दुकान या तिघांनाही पैसे जातात आणि मूल घरीच असते.

आणि मूल घरी असले, की मोठ्यांपैकी एकाने घरी राहायचे असते. तो लिलाव सकाळी साडेसहाला होतो. लासलगावला कांद्याची बोली वर चढत जाते, आमच्याकडे ती खाली उतरते. “माझी मीटिंग आहे.” “माझं जीएसटीचं रिटर्न आहे.” “माझ्या दोनच सीएल उरल्यात.” “माझी एकच.” ज्याचे काम अधिक क्षुल्लक ठरेल, त्याच्या नावावर माल पडतो. शिवाय नाशिकला रंग खेळतात तो रंगपंचमीला. जुन्या गावठाणातल्या रहाडी, म्हणजे रंगाचे जुने हौद, उघडतात, तरुण मंडळी त्या रंगात उड्या घेतात आणि पाळणाघर बंद असते. ते धुळवडीलाही बंद असते. माझा कारखाना रंगपंचमीला चालू असतो, तेव्हा त्या सकाळी आमच्या घरात जो रंग भरतो, त्याला रहाडीची गरज पडत नाही.

संध्याकाळी साडेसहानंतर मूल न्यायला आल्यास दर पंधरा मिनिटांना पन्नास रुपये, हे आणखी एक कलम आहे. मी सहाला सुटतो. त्र्यंबक रोड, मायको सर्कल आणि मग इंदिरानगरचा तो बोगदा, ज्यात महामार्गाखालून जाणारी वाहने सुईत दोरा ओवावा तशी ओवली जातात. तिथे दुचाकीवर अडकून घड्याळ पाहताना मला नेहमी हिरकणी आठवते. नोकरी-व्यवसाय करणारी, पाळणाघर नसलेली, दरवाजा बंद होण्याच्या वेळेला चुकलेली ती आपली पहिली आई. तिने अंधारात रायगडचा कडा उतरून बाळाला गाठले आणि महाराजांनी कौतुकाने तिथे बुरूज बांधला, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मी बोगदा पार करून सहा सत्तेचाळीसला पोहोचतो, तेव्हा शंभर रुपये पडतात, कारण पंधरा मिनिटांच्या वर दोन मिनिटे झाली, तरी दुसरी पंधरा धरतात. बुरुजाची माझी अपेक्षा नाही. ती दोन मिनिटे सोडली, तरी मी कौतुक समजेन.

सरकारने काहीच केले नाही, असे मात्र नाही. २०१७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन प्रसूतीची भरपगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली आणि पन्नास किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावे, असे ठरले. पत्नीच्या कंपनीत अठ्ठेचाळीस माणसे आहेत. मध्यंतरी दोन नवी मुले येणार, अशी वार्ता उठली, तेव्हा आम्ही दोन दिवस फार आनंदात होतो. ती मुले आली, पण कंत्राटदाराच्या पटावर.

आयकराचेही तसेच. जुन्या करप्रणालीत प्ले स्कूल किंवा नर्सरीच्या शिकवणी शुल्काची वजावट मिळते. मूल सांभाळण्याच्या शुल्काची मिळत नाही. म्हणजे गंगापूर रोडच्या बाई ‘घडवतो’ का म्हणत होत्या, हे मला उशिरा कळले. शिक्षण भत्त्यावरची करमाफी कित्येक वर्षे मुलामागे महिना शंभर रुपये होती, म्हणजे नेमकी माझ्या पाच ते सात तारखेच्या दंडाइतकी. आमच्या कारखान्यातल्या लेथच्या देखभालीचा सगळा खर्च मात्र नफ्यातून वजा होतो. चिऊला लेथ म्हणून दाखवता आले असते, तर आम्ही सुस्थितीत असतो.

आता मला एक कबुली द्यायची आहे. एका रात्री मी कागदावर आडव्या रेघा मारून हिशेब मांडला. पत्नीचा पगार एकतीस हजार. वजा पाळणाघर साडेआठ हजार, रिक्षा दोन हजार सहाशे, डॉक्टर व औषधे दीड हजार, डायपर दोन हजार. निव्वळ शिल्लक सोळा हजार चारशे. खाली दोन रेघा मारल्या आणि कागद वीजबिलांच्या खणात ठेवला. तिथे तो तिला सापडणे क्रमप्राप्तच होते.

“छान आहे हिशेब,” ती म्हणाली. “तुझ्या पगारातून काय वजा झालं?”

“पेट्रोल,” मी म्हणालो.

तिने लाल पेन घेतले, माझे अडतीस हजार वर लिहिले आणि तीच कलमे, त्याच क्रमाने, त्यातून वजा केली. “तेवीस हजार चारशे. एवढ्यासाठी तू रोज तो बोगदा ओलांडून सातपूरला जातोस? मग घरीच का नाही बसत?”

हे वाक्य मी ओळखत होतो. माझ्या एका काकांनी ते लग्नाच्या पंगतीत तिला ऐकवले होते, शेजारच्या आजी ते दर सर्दीला ऐकवतात आणि मला ते आजवर कोणीही ऐकवलेले नव्हते. वास्तविक मला हे कळायला हवे होते, कारण हा माझ्या धंद्याचा पहिला धडा आहे: एक यंत्र दोन विभाग वापरत असतील, तर त्याचा खर्च दोन्ही विभागांवर वाटून टाकायचा असतो. सगळा एकावरच टाकला, की तो विभाग तोट्यात दिसू लागतो आणि मग कोणीतरी शहाणा तो बंद करण्याची शिफारस करतो. बारा वर्षे मी कारखान्यात ही चूक दुसऱ्यांच्या कागदांत शोधत आलो.

प्रायश्चित्त म्हणून मी पाळणाघरात जाऊन प्रवेशअर्जावर संपर्कासाठी पहिला क्रमांक माझा लिहवून घेतला. मॅडमनी तो माझ्यासमोर लिहिला, पत्नीचा दुसरा केला. नंतर एकतीस मार्चला गोदामात स्टॉक मोजत असताना, ऑडिटर शिडीखाली उभे आणि मी शिडीवर अशा अवस्थेत, फोन वाजला.

“चिऊची आई आहे का?” मॅडम म्हणाल्या.

“मी बाबा बोलतोय. हा माझाच नंबर आहे.”

“हो का? बरं, मग आईला सांगता का, चिऊला ताप आहे म्हणून?”

मी आईला सांगितले. “आणि?” एवढेच ती म्हणाली. लिलाव फोनवर झाला, शिडीवर उभ्यानेच झाला आणि माल माझ्या नावावर पडला. ऑडिटरना मी मोजणीचा कागद दिला, दुपारच्या मोकळ्या बोगद्यातून साडेतीन मिनिटांत पार झालो आणि पाळणाघरात पोहोचलो, तर चिऊ रुमाल लावून, एक मोजा आपला आणि एक कोणाचातरी घालून, पायरीवर मावशींच्या मांडीत बसली होती. अर्ध्या दिवसाचे पैसे वळते होतात का, असे विचारावे म्हणून मी तोंड उघडले, तेवढ्यात मॅडमनी वहीतून मान वर न करता पेनाने मागच्या पाटीकडे खूण केली.