मुलुंड ते दादर, जडत्वासह

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला पहिलाच पाठ 'गतीचे नियम' हा आहे, आणि तो भाचीला शिकवण्याचे काम घरच्यांनी माझ्यावर सोपवले, ते मी विज्ञान शाखेचा आहे म्हणून नव्हे (मी वाणिज्य शाखेचा आहे), तर मी रोज सकाळी मुलुंडहून दादरला धीम्या लोकलने उभ्याने जातो म्हणून. न्यूटनने हे नियम 1687 साली 'प्रिन्सिपिया' या लॅटिन ग्रंथात मांडले आणि बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली 1853 साली, त्यामुळे त्या थोर पुरुषाला भोवरा, ग्रह आणि दगड ओढणारा घोडा एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर भागवावे लागले. आमचे तसे नाही.

पहिला नियम सांगतो की बाहेरून असंतुलित बल लागू होत नाही तोपर्यंत स्थिर वस्तू स्थिर राहते आणि गतिमान वस्तू त्याच वेगाने सरळ रेषेत जात राहते. गाडी सुटते तेव्हा डब्याच्या जमिनीचे घर्षण माझ्या चपलांना धरून नाहूरच्या दिशेने नेते. धडाला मात्र ही बातमी उशिरा कळते आणि ते काही क्षण मुलुंडचेच रहिवासी राहते. मोटरमनने ब्रेक लावला की पाय थांबतात आणि धड पुढच्या स्टेशनला निघते. वळणावर आपल्याला कोणीतरी बाहेर फेकते आहे असे वाटते, पण तसे कोणी करत नाही. आपण सरळच जात असतो, वळतो तो डबा. या सगळ्याला जडत्व म्हणतात. तिघांच्या बाकावर चौथ्या सीटचा मान मिळालेल्या गृहस्थाकडे पाहावे. त्याचा निम्मा देह बाकावर आणि निम्मा वाटेत असतो, केवळ पँटचे कापड आणि बाकडे यांच्यातल्या घर्षणावर त्याचा संसार उभा असतो, आणि गाडी रूळ बदलू लागली की त्याच्या चेहऱ्यावर पहिला नियम स्पष्ट वाचता येतो.

दुसऱ्या नियमाला भाची घाबरत होती, कारण त्यात गणित आहे. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, आणि त्वरण म्हणजे वेग बदलण्याचा दर. समजा, गाडीने सुटल्यापासून 20 सेकंदांत ताशी 36 किलोमीटर वेग घेतला. ताशी 36 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 10 मीटर, म्हणून दर सेकंदाला वेग अर्ध्या मीटरने वाढला. 60 किलोच्या माणसाला आपल्याबरोबर न्यायला गाडीला केवळ 30 न्यूटन बल लागते, म्हणजे बाजारातून तीन किलो कांद्यांची पिशवी उचलून धरायला लागते तेवढेच.

"मग मामा, तुम्ही घरी येऊन एवढे कण्हता कशाला?" भाचीने विचारले.

कारण मी एकटा नसतो. डब्याच्या मागच्या पत्र्यापासून एकामागे एक असे दहाजण उभे आहेत, कोणाच्याही हाताला कडी लागलेली नाही आणि गर्दीमुळे पाय जमिनीला जेमतेम टेकले आहेत, असे धरू. आता प्रत्येकाला पुढे नेणारे बल त्याच्या मागच्या माणसाकडूनच यायला हवे. पत्र्याला टेकलेल्या शेवटच्या माणसावर पुढच्या नऊजणांना ढकलण्याची जबाबदारी येते. 270 न्यूटन, म्हणजे सुमारे 27 किलोंचा भार, त्याच्या छातीवर. ती पत्र्याजवळची जागा टेकायला मिळते म्हणून लोक धडपडून पटकावतात, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

तिसऱ्या नियमावर भाचीने खरा प्रश्न काढला. क्रिया आणि प्रतिक्रिया समान आणि विरुद्ध असतील, तर त्यांची वजाबाकी होऊन जगात काहीच हलायला नको. शंका रास्त आहे आणि पुस्तकातली बंदूक व अग्निबाण तिचे निरसन करत नाहीत, कारण विक्रोळीच्या मुलांनी दोन्हीही हाताळलेले नसते. मी तिला सांगितले, मी समोरच्या काकांना धक्का देतो तो काकांवर लागतो आणि काकांचा उलटा धक्का लागतो तो माझ्यावर. दोन बले दोन वेगळ्या देहांवर असल्यामुळे त्यांची वजाबाकी होत नाही. बल दोघांवर सारखेच असते, पण काका नव्वद किलोंचे आणि मी साठ किलोंचा असल्यामुळे आधार नसेल तर दीडपट त्वरण माझ्या वाट्याला येते. शिवाय ही दोन्ही बले एकाच क्षणी उद्भवतात.

हा शेवटचा मुद्दा सामाजिकदृष्ट्या फार महत्त्वाचा आहे. परवा कुर्ला सुटल्यावर माझ्या दोन्ही बाजूंच्या प्रवाशांत जुंपली.

"ओ, धक्का कशाला मारता?"

"अहो, आधी तुम्ही मारला!"

दोघांच्या मधे मी असल्यामुळे त्यांची समान आणि विरुद्ध बले माझ्यावर तोलली जात होती आणि मी स्थिर होतो. मी अत्यंत नम्रपणे सांगितले की 'आधी कोणी' या प्रश्नाला भौतिकशास्त्रात अर्थच नाही, दोघांनीही एकमेकांना त्याच क्षणी आणि तेवढ्याच बलाने ढकलले आहे. त्यावर दोघांनीही भांडण थांबवून माझ्याकडे पाहिले, त्यांची बले प्रथमच एका दिशेला आली, बेरीज झाली, आणि मी दादरऐवजी सायनला उतरलो.