राजांगणातला उजेड: एका आक्षेपाला उत्तर

महोदय,

‘स्टुडिओत बसवलेल्या आजींच्या मागे त्यांच्या घरातले राजांगण जोडणे ही फसवणूक आहे आणि तो फोटो खोटाच दिसतो,’ असे आपण लिहिले आहे. यात दोन निराळे आक्षेप आहेत; त्यांपैकी दुसरा मला मान्य असल्याने आधी त्याविषयी लिहितो.

राजांगण, म्हणजे गोव्यातल्या जुन्या घराच्या मधोमध असलेले अंगण, वरून उघडे असते, त्यामुळे तेथे उजेड माथ्यावरून उतरतो आणि तांबड्या चिऱ्यांवरून परतताना हनुवटीखाली किंचित तांबूस होतो. मी मात्र सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी, कापडाने झाकलेली दिव्याची पेटी) डावीकडे, चेहऱ्याच्या उंचीवर लावला होता. साहजिकच खांबांच्या सावल्या एक दिशा दाखवतात आणि आजींच्या नाकाची सावली दुसरी. शिवाय राजांगण मी उभ्याने टिपले होते, तर आजी खुर्चीत असल्याने स्टुडिओतला कॅमेरा बराच खाली होता. कॅमेऱ्याची उंची बदलली की क्षितिजरेषाही बदलते, आणि म्हणूनच मागची जमीन पुढे कलंडल्यासारखी भासते. पार्श्वभूमी कितीही धूसर केली तरी हा दोष झाकला जात नाही. पांढऱ्या केसांभोवती स्टुडिओतल्या पडद्याची राखाडी कड राहिली आहे, ती आपल्या नजरेतून सुटली असावी. तीही माझीच चूक.

फसवणुकीचा आरोप मात्र मला पटत नाही. पार्श्वभूमीसाठी रंगवलेल्या पडद्याचा समावेश असलेले पेटंट आंत्वान क्लोदे या फ्रेंच छायाचित्रकाराने लंडनमध्ये १८४१ सालीच घेतले होते, म्हणजे छायाचित्रणाची कला जगापुढे आल्यावर अवघ्या दोन वर्षांनी. गोव्यातल्या जुन्या घरांतही रंगवलेल्या जिन्यापुढे ताठ उभे असलेले पणजोबा भिंतीवर दिसतात, आणि तो जिना खरा होता का, असे त्यांना कोणी विचारत नाही. (आमच्या घरातल्या पणजोबांमागे तर चक्क बर्फाचे डोंगर आहेत.) बातमीच्या छायाचित्रात मागचे दृश्य ही साक्ष असते, तेथे त्याला हात लावणे मी गैरच मानतो. येथे तसे नव्हते: म्हापशाला मुलाकडे राहणाऱ्या आजींना गुडघ्यांमुळे फोंड्याकडच्या घराच्या पायऱ्या चढवत नाहीत, आणि राजांगण मागे असावे ही त्यांचीच इच्छा होती. पार्श्वभूमी जोडलेली आहे, एवढे फोटोखाली लिहायला हवे होते. ते आता लिहिले आहे.

ढगाळ दिवस पाहून राजांगण पुन्हा टिपणार आहे, या वेळी स्टुलावर बसून. आणि आजींसाठी दिवा डोक्यावर टांगून, पायांशी तांबडे कापड अंथरून पाहणार आहे.