सगळं सत्त्व मोरीत

काल संध्याकाळी उकडलेल्या पालकाचं हिरवंगार पाणी मोरीत ओतत होतो, तेवढ्यात शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या.

"थांब! अरे, सगळं सत्त्व ओततोयस!"

त्या सत्त्वाचा हिशोब मला पाठ आहे. कच्च्या पालकात 100 ग्रॅममागे साधारण 550 मिलिग्रॅम पोटॅशियम. धडधाकट किडनी जास्तीचं लघवीवाटे बाहेर काढते. दमलेली काढत नाही. ते रक्तात साचतं, फार साचलं की हृदयाच्या ठोक्यांवर येतं. माझ्या रक्तातल्या पोटॅशियमचा आकडा 5.6 आला, म्हणजे जास्तच, म्हणून ही धुणीभांडी. पालक धुवायचा, मग बारीक चिरायचा. जाड चिरला तर आतलं सुटत नाही. दहापट कोमट पाण्यात दोन तास भिजवून ते पाणी फेकायचं. नव्या पाचपट पाण्यात उघड्या पातेल्यात उकळायचं, तेही फेकायचं, वर दाबून पिळायचं. कुकरमध्ये वाफवला तर पोटॅशियम जाणार कुठे? एवढं करूनही सगळं जात नाहीच, म्हणून खायचा अर्धी वाटी. कच्चा पालक टोपलीभर दिसतो, शिजला की वाटीत मावतो, आणि माणूस इथेच फसतो.

हे सगळं काकूंना सांगितलं. त्यांनी पातेलं हातातून काढून घेतलं.

"पालकात लोह असतं."

"काकू, लोहाचं नाही, पोटॅशियमचं..."

"ते नंतर. आधी रक्त. आमचे थोरले दीर रोज सकाळी ग्लासभर पालकाचा रस घेत. किडनी अगदी काचेसारखी होती."

"मग?"

"मग काय, हार्टनं गेले."

मी काही बोललो नाही. जाता जाता, "मीठ तरी ते कमी सोडियमचं आण," असंही सांगून गेल्या. त्या मिठात थोडं सोडियम काढून त्याच्या जागी पोटॅशियमच भरलेलं असतं, हे ऐकायला त्या थांबल्या नाहीत. पातेलं घेऊन गेल्या. विरजण राहिलंच.

इंदूरात हे असंच. थंडीत सराफ्याच्या खाऊगल्लीत तळलेला गराडू प्लेट-प्लेट खातात. त्या कंदात पालकापेक्षा जास्त पोटॅशियम, पण त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. पालकाच्या जुडीवर मात्र आमच्या अख्ख्या रामबाग मोहल्ल्याचं मत असतं. डॉक्टरांनीही कागदावर 'पालेभाजी बंद' एवढेच दोन शब्द खरडले. अहो, कोबीसुद्धा पानंच ना? त्यात 100 ग्रॅमला 170च्या आसपास, पालकाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. पोह्यांवरच्या चिमूटभर कोथिंबिरीनं काही बिघडत नाही. शिवाय ज्याचं पोटॅशियम ठीक आहे, त्याला किडनीच्या नावाखाली सगळा पाला सोडायची गरजच नसते. दोन ओळी जास्त लिहिल्या असत्या तर पेनातली शाई संपली नसती. फी मात्र पूर्ण घेतली.

रात्री आठला काकूंकडून झाकलेली ताटली आली. हिरव्यागार पुऱ्या, वर बचकभर सेव. पीठ त्याच पाण्यात भिजवलेलं. निरोप असा, की गरम असतानाच खा.

पुऱ्या घरच्यांनी संपवल्या. शेजारची ताटली रिकामी परत करत नाहीत, म्हणून माझा पिळलेला पालक लसणाच्या फोडणीसकट त्यात घालून पाठवला.

दहा मिनिटांत त्यांचा नातू दारात हजर.

"आजीनं विचारलंय, ह्यात मीठ विसरलात का?"