पोकर म्हणजे तीन पत्ती नव्हे

श्रावणात गोकुळाष्टमीच्या जागरणाला आमच्या सांगलीत पत्त्यांचे कॅट बाहेर निघतात, आणि त्याच सुमारास तो मेसेजही फिरायला लागतो: पोकर ही आपल्या तीन पत्तीची नक्कल, इंग्रजांनी ती इथून उचलून अमेरिकेला नेली; तीन पत्ती येते त्याला पोकर वेगळं शिकावं लागत नाही; आणि तो डोक्याचा खेळ, म्हणून मोबाइलवर पैसे लावून खेळायला हरकत नाही. भाच्याने मला तो पाठवला, खाली लिहिलं, "मावशी, बघ." बघितला. तिन्ही गोष्टी चूक आहेत, आणि तिसरी तर पोरांना खड्ड्यात घालणारी आहे.

आधी जन्माचं. पोकर 19व्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत, न्यू ऑर्लिन्स आणि मिसिसिपी नदीच्या परिसरात वाढला. हा लुइझियानाचा मुलूख 1803 साली अमेरिकेने फ्रान्सकडून विकत घेतला. फ्रेंचांचा 'पोक' नावाचा पैजेचा खेळ होता, पोकर हे नाव बहुधा त्यावरूनच आलं. जोसेफ कॉवेल नावाच्या इंग्रज नटाने 1829 च्या बोटप्रवासात पाहिलेल्या पोकरचं वर्णन आपल्या आठवणींत केलंय. तेव्हा कॅट 20 पानांचा असे: दश्शी ते एक्का. चौघांना पाच-पाच वाटली की कॅट संपला. 52 पानं नंतर आली, आणि हल्ली खेळतात तो होल्डम हा पोकरचा प्रकार टेक्सासमधला. नातं उलट दिशेने मात्र सापडतं. इंग्लंडमध्ये ब्रॅग नावाचा तीन पानांचा खेळ होता, आणि आपली तीन पत्ती त्याच्यावरूनच आली असं पत्त्यांचे अभ्यासक मानतात.

आता दुसरा मुद्दा. अष्टमीच्या रात्री चिंचोके मांडून मी भाच्याला होल्डम खेळायला बसवलं. प्रत्येकाला दोन पानं झाकून. मग मध्ये तीन उघडी, नंतर एक, शेवटी आणखी एक; दर टप्प्याला बोली. सातांतून उत्तम पाच धरायची. शेवटी त्याच्याकडे सत्ती ते गुलाम असा सिक्वेन्स लागला, माझी पाच पानं बदामाची. त्याने हात पुढे करून ढीग ओढायला सुरुवातच केली. "सिक्वेन्स मोठा ना!" तीन पत्तीत मोठा, बरोबर. पोकरमध्ये कलर (सगळी पानं एकाच चिन्हाची, जशी माझी बदामाची) मोठा.

याचं कारण साधी मोजणी आहे. 52 पानांतून तीन उचलायचे 22,100 प्रकार. त्यात साधा सिक्वेन्स 720 वेळा जमतो, कलर 1,096 वेळा. दुर्मीळ ते मोठं, म्हणून सिक्वेन्स वर. पाच पानं घेतली की प्रकार होतात 25,98,960. आता सिक्वेन्स 10,200 आणि कलर फक्त 5,108, म्हणून कलर वर. कलरच्या वर फुल हाउस (तीन सारखी आणि एक जोडी), त्यावर चार सारखी पानं, आणि सगळ्यांच्या वर एकाच चिन्हाच्या पानांचा सिक्वेन्स. तीन पत्तीत मात्र ट्रेल (तीन सारखी पानं) वर असते. हे तक्ते वेगळेच पाठ करावे लागतात.

'ब्लाइंड' हा शब्दही फसवतो. आपल्याकडे ब्लाइंड म्हणजे पानं न बघता चाल. होल्डममध्ये वाटणाऱ्याच्या डावीकडच्या दोघांनी पानं यायच्या आधी भरायची सक्तीची रक्कम म्हणजे ब्लाइंड. नवशिक्याला माझं पहिलं सांगणं एकच: पहिली दोन पानं बेताची असतील तर टाकून द्या. हातात जोडी येते 17 डावांत सरासरी एकदा. बहुतेक वेळा नुसतं बघत बसावं लागतं, ते जड जातं, तीन पत्तीच्या माणसाला तर फारच.

राहिला मोबाइल. पोकरमध्ये डोकं लागतं हे मला मान्य आहे, पण पानं कोणाच्या हातची नसतात, आणि पैशाच्या खेळात चालवणारा दर डावातून आपली नाल (स्वतःचा वाटा) काढतोच. कायद्याचं म्हणाल तर संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, ऑनलाइन पैसे लावून तो चालवायला आणि त्याची जाहिरात करायला त्यात बंदी आहे. 'डोक्याचा खेळ आहे' ही सबब तिथे चालत नाही.

हे सगळं मी भाच्याला त्याच मेसेजखाली लिहून पाठवलंय. चिंचोक्यांचा डबा अजून खालीच आहे, येत्या रविवारी पुन्हा बसणार आहोत.